बाबांचं उठणं

नृत्यशाळेच्या दुसऱ्या वर्षी सरांनी आमच्यासाठी नवी रचना बसवायला घेतली. विषय ठरलेला नव्हता. "घरातल्या माणसाची एक हालचाल घेऊन या," एवढंच म्हणाले. कुणी पोळ्या लाटणारी आई आणली, कुणी स्कूटरला किक मारणारा काका. मी बाबांचं उठणं आणलं.

बाबा उमरेडला कोळसा खाणीत होते. छाती धुळीनं भरली आणि ते घरी बसले. पलंगावरून उठायचं तर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवायचे, मान खाली, खांदे वर. मग थांबायचे. श्वास सापडला तर उठायचे, नाहीतर तसेच बसून राहायचे. मी हे हॉलमध्ये करून दाखवलं.

"हेच पाहिजे," सर म्हणाले.

सगळी रचना त्यांनी त्या उठण्याभोवती बांधली. मधली जागा मात्र माझ्या मैत्रिणीला मिळाली. तिची पाठ लांब, स्टेजवर उठून दिसायची. मी मागच्या रांगेत. खांदे कुठवर चढतात, ते तिला मीच शिकवलं.

कार्यक्रमाला आई-बाबा एसटीनं आले. रचना कशावर आहे ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. मैत्रिणीनं गुडघ्यांवर हात रोवले आणि अंधारातून बाबांचा खोकला ऐकू आला. थांबेना. कुणीतरी "शूऽऽ" केलं. दार उघडल्याचा, मग लागल्याचा आवाज आला. शेवटी टाळ्या खूप वेळ वाजत राहिल्या.

दोघं गेटपाशी उभे होते. आई म्हणाली, "तुह्या बापाचं दुखणं काहून दाखवलं वं लोकायले?"

बाबांनी तिला हातानंच थांबवलं. "चांगलं केलं पोरीनं," ते म्हणाले. कोणत्या पोरीनं, ते मी विचारलं नाही.

दिवाळीत घरी गेले, तर उठायची वेळ आली की बाबा म्हणायचे, "जरा पाणी आण वं बाई." मी पाणी घेऊन येईपर्यंत ते उभे असायचे. पेल्याला तोंड लावायचे नाहीत. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मला कळलं. मग मी स्वयंपाकघरातच उगाच थांबायला लागले.

थंडीत ते गेले. तेव्हा नागपुरात पुढच्या प्रयोगाची तालीम चालू होती. मी घुंगरू सोडले आणि उमरेडची बस धरली. नृत्य सोडलं नाही, पण त्या रचनेत पुन्हा उभी राहिले नाही. सरांनी मागच्या रांगेत दुसरी मुलगी घेतली.