काय करतस?

आमच्या गौरेशला हा प्रश्न विचारला नाही असा माणूस डिचोली तालुक्यात सापडायचा नाही. लग्नात, बारशात, बाजारात मासळी घेताना. "आणि गौरेश, सध्या तू काय करतस?" खाणी चालू होत्या तोवर कुणी विचारत नव्हतं. खाणीच्या ऑफिसात कामाला आहे, एवढं पुरे होतं. खाणी बंद पडल्या आणि तो एका झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस बसायला लागला. हे उत्तर लोकांना पटत नसे. ऐकून घेत आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारत.

मी त्याची मोठी बहीण, चोपड्याला दिलेली. माहेरी गेले की आई चहाच्या आधी गाऱ्हाणं घालायची, "तुझो भाव फाशांच्या नादाक लागलो."

फासे होते हे खरं. वीस बाजूंचा एक निळा, बाकीचे लहानमोठे. पण पैसा लावायचा खेळ नव्हता तो. दर रविवारी दुपारी देवळाच्या सभागृहात चार पोरं जमायची, कॉलेजातली, नोकरीतली. गौरेश गोष्ट सांगायचा आणि पोरं त्या गोष्टीतली माणसं व्हायची. कुणी तलवारबाज, कुणी वैद्य, कुणी चोर. गोष्ट ऐन मोक्याला आणून तो थांबायचा, एकेकाकडे बघायचा आणि विचारायचा, "तू काय करतस?" समोरचा सांगेल ते करायला मोकळा. जमलं की फसलं ते फासा ठरवायचा, आणि पुढची गोष्ट गौरेशने तिथल्या तिथे रचायची. पोरं त्याला मास्तर म्हणत.

त्या रविवारसाठी त्याचा आख्खा आठवडा जायचा. खाणीच्या जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर नकाशे काढायचा. राक्षसांच्या जागी काजूबिया मांडायच्या, आणि त्या आईने भाजायला घेऊ नयेत म्हणून कपाटात लपवायच्या. एकदा नुसता फेरीबोटीचा दोर कसा बांधतात ते बघायला आमोण्याच्या धक्क्यावर दिवसभर उभा राहिला. मी म्हटलं, "इतकं करतोस, आणि पोरं तुझ्या वाटेने गेलीच नाहीत तर?"

"जायनतच नाय, ताय," तो हसून म्हणाला. "मी तीन वाटा तयार करतंय, ती चौथीन जातत. तीच मजा."

खाण बंद पडल्यावर मी त्याला हसताना पाहिलं ते याच एका विषयावर. म्हणून तो खेळ टिकावा असं मला फार वाटायचं.

त्याची गोष्ट दोन वर्षं चालली होती. पाण्याने भरलेल्या एका खाणीच्या तळाशी बुडालेलं गाव, आणि त्या गावाच्या शेवटच्या घराचं बंद दार. सेजल, म्हणजे तलवारबाज, त्या रविवारी दारापर्यंत पोचली. गौरेशने विचारलं, "तू काय करतस?" तेवढ्यात सभागृह बंद करायची वेळ झाली. उत्तर पुढच्या रविवारी द्यायचं ठरलं.

सेजल ही देवस्थान कमिटीचे अध्यक्ष गोकुळदास यांची नात. घरी जाऊन तिने मैत्रिणीला फोनवर हळहळत सांगितलं, "अगो, आमची सगळी सोन्याची नाणी गेली. आता घोडो विकूचो लागतलो." आजोबा बाहेर बाल्कांवात, दारापुढच्या सोप्यावर, बसून ऐकत होते. झालं, ध चा मा! गुरुवारपर्यंत गावभर झालं की झेरॉक्सवाला गौरेश देवळात पोरांना जुगार शिकवतो, पोरी घरातलं सोनं विकायला निघाल्या.

कमिटीने त्याला बोलावलं. मीही गेले. सेजलने रडून सांगितलं की घोडा खोटा, नाणी खोटी. कोण ऐकतो? गौरेश मात्र शांत होता. त्याला वाटलं, एकदा खेळून दाखवलं की समजेल यांना. तो गोकुळदासांपुढे बसला आणि त्याच्या रविवारच्या आवाजात सांगू लागला, "काका, तुमी पाण्याच्या तळाक एका दारासमोर उभे आसात. भितरसून कोणतरी तुमच्या नावान हाक मारता. तुमी काय करतात?"

मला क्षणभर वाटलं, म्हातारा उत्तर देणार. त्याचे ओठ हललेसुद्धा.

मग गोकुळदास म्हणाले, "पयला तू सांग. तू काय करतस?"

सगळे खो खो हसले. गौरेशने फासे खिशात घातले. देवळाच्या आवारात फासे चालणार नाहीत, असा ठराव झाला.

दोन महिन्यांनी जत्रा आली. देवळासमोर, सभागृहाच्या पायऱ्यांना लागून गडगड्याच्या जुगाराची टेबलं लागली. डब्यात फासे गडगडत होते, चित्रांवर नोटा पडत होत्या, आणि टेबलांना जागा नेमून द्यायला स्वतः गोकुळदास उभे होते. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय? मला इतका संताप आला की मी देवीची ओटी न भरताच परतले.

गौरेशने दुसरी जागा शोधली नाही. मी चोपड्याच्या घरची ओसरी देऊ केली, तर म्हणाला, "नको, ताय. पोरांका लांब पडतला." नंतर कुणीतरी त्याला पणजीला नेलं. आवाज ठाम, हात स्थिर, चार अनोळखी माणसांना टेबलाशी धरून ठेवायची कला अंगात. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जुगाराच्या टेबलाशी पत्ते वाटायला त्याला लगेच घेतलं. काळं जाकीट मिळालं.

यंदा चवथीला गोकुळदास आमच्या गणपतीच्या दर्शनाला आले. सगळ्यांदेखत गौरेशच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरा झाला रे. शेवटी मार्गाक लागलंस." आईने डोळे पुसले. एक स्थळही सुचवून गेले.

मागून सेजल आली. तिने हळूच विचारलं, "मास्तर, त्या दाराच्या पलीकडे काय होतां?"

"माका खंय ठावक? तू दारासमोर काय करतस ता तू सांगूकच नाय."

"आता सांगू?"

त्याने मान हलवली, नको म्हणून, आणि तिच्या हातावर फराळाच्या ताटातली एक नेवरी ठेवली.

ती गेल्यावर मी न राहवून विचारलं, "तिकडच्या टेबलावर लोकांना विचारतोस का रे, तू काय करतस म्हणून?"

तो जाकिटाला इस्त्री करत होता. मान वर न करता म्हणाला, "थंय विचारूचा लागना नाय, ताय. सगळे एकच करतत."