फिलिन्नेचं दरवर्षीचं सुतक

ट्रॉयच्या युद्धात पडलेला एक भालेकरी आपला पूर्वज, असं नॅक्सॉस बेटावरची फिलिन्ना छातीठोकपणे सांगायची. दर जत्रेत गायक त्या युद्धाचं महाकाव्य गाई, भालेकरी मरे आणि फिलिन्ना केस कापून सुतक पाळी. तिचे केस कधी खांद्याला टेकलेच नाहीत.

"मेल्या, यंदा तरी जगव त्याला!" तिनं गायकाला शेळीचं चीज देऊन दटावलं. गायकानं जगवला. फिलिन्ना हरखून गेली.

शेजारची मिर्तो म्हणाली, "जगला ना? मग बायकोपोरांकडे परत का नाही आला गं? कुणाच्या घरात शिरला?"

फिलिन्ना तरातरा गायकाकडे गेली.

"पुढच्या जत्रेत पहिल्याच ओळीत मार त्याला! कात्री घेऊनच येते मी."