सीटखालची घंटी

भुताखेतांच्या गोष्टी कुणी काढल्या की मी चहा आणायला उठणारा माणूस. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवतो, त्यामुळे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणं परवडतही नाही. म्हणून हे इतकी वर्षं कुठं लिहिलं नव्हतं.

२००३ सालची गोष्ट. आम्ही कोल्हापूरजवळ कळंब्याला राहायचो. गुडघ्यांमुळे आईला बसमध्ये चढता येईना, म्हणून मलकापूरच्या एका किराणा व्यापाऱ्याकडून सेकंडहँड गाडी घेतली. त्यांना सगळे अण्णा म्हणत. वय साठीच्या पुढे, बोलणं बेताचं. पत्नी वर्षापूर्वी वारल्याचं तेवढं कळलं. किल्ली देताना त्यांनी गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला, बस्स.

गाडी चांगली होती, पण डॅशबोर्डखाली वायरींचं नुसतं जाळं! त्यात खड्ड्यातून गेलं की माझ्या सीटखाली काहीतरी तुटक-तुटक चिरकायचं. शेवटी शाहूपुरीतल्या बाबू मिस्त्रीकडे गेलो. त्यानं अर्धा दिवस घालवून एकेक वायर शोधली. एक मागच्या सीटजवळच्या छोट्या पंख्याची. एक जादा दिव्याची. तिसरी जोडी गालिच्याखालून मागच्या डाव्या दाराकडे गेलेली... तिथं हँडलशेजारी घराच्या बेलचं असतं तसलं बटण!

"सर, ही घंटी हाय," बाबू म्हणाला. "मागनं दाबायची, तुमच्या सीटखाली वाजती. बटण ढिलं झालंय, म्हणून खड्ड्यात वाजतंय."

कशासाठी बसवली असेल, ते दोघांनाही कळेना. मी काढून टाक म्हटलं. त्यानं बटण उचकटून काढलं, दोन्ही वायरी कापल्या, टोकांना टेप गुंडाळली. सीटखालच्या बझरचे स्क्रू गंजले होते, तो तेवढा तिथंच ठेवला. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं — मुद्दाम सांगतोय.

त्यानंतर तीनेक महिने गाडी गप्प होती.

एका रविवारी सकाळी आईला घेऊन बहिणीकडे गडहिंग्लजला निघालो. गाडीत दोघंच. आई मागे डावीकडे, पाय लांब करून. ती गाडीत नेहमीच डुलकी काढायची, त्यामुळे कागल गेल्यावर तिचं बोलणं थांबलं तेव्हा मला वेगळं काही वाटलं नाही. काचा खाली होत्या, वाऱ्याचा आवाज होता.

आणि सीटखाली घंटी वाजली.

खड्ड्यातलं ते तुटक चिरकणं नव्हे. रस्ता सपाट होता. कुणीतरी बोट दाबून धरावं तशी... लांब, एकसलग. मी ब्रेक मारून गाडी कडेला घेईपर्यंत वाजत होती. गाडी थांबली, तशी तीही थांबली.

मागे वळून पाहिलं, तर आई एका अंगावर घसरली होती. मान पुढे पडलेली, तोंड वाकडं, श्वास घरघरत होता. तिला कसंबसं कुशीवर आडवं केलं आणि गाडी कोल्हापूरकडे वळवली. अर्धांगाचा झटका होता. मान तशीच राहिली असती तर श्वास कोंडून वाटेतच गेल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले.

आई वाचली. तिला त्या सकाळचं कागलच्या पुढचं काहीच आठवत नव्हतं.

चार दिवसांनी बाबूकडे गेलो. त्यानं गालिचा उचलला. वायरींची टोकं तशीच कापलेली, त्यावर त्याचीच टेप. दाराला बटणाचं नुसतं भोक. बाबूनं गालिचा परत अंथरला. पैसे घेतले नाहीत.

राहवेना म्हणून मलकापूरला गेलो. अण्णा दुकानात होते. घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "एकदाच वाजली? लांब?"

मी हो म्हटलं.

मग ते सांगायला लागले. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांच्या पत्नीचा आवाज गेला होता. गाडीत तिला काही लागलं तर कळावं, म्हणून त्यांनी ती घंटी बसवून घेतली होती. लांब एकदा म्हणजे थांबा.

"शेवटच्या दिवशी कोल्हापूरला दवाखान्यात न्हेत होतो," ते म्हणाले. "बांबवड्याच्या पुढं वाजली. पाणी पायजे असंल म्हटलं, आलंच की कोल्हापूर. मी थांबलो न्हाय, पावणं. परत वाजलीच न्हाय."

त्यांनी विचारलं, "गाडीत मागं जरा बसू का?" मी दार उघडून दिलं आणि लांब जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटांनी उतरले आणि दुकानात गेले.

सर्किट तुटलेलं असेल तर बझर वाजत नाही, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. तरी त्या दिवशी तो वाजला.

दोन हजार आठच्या सुमारास गाडी विकली. घेणारा जयसिंगपूरचा, तरुण होता. त्याला वायरिंगची आकृती काढून दिली — कुठली वायर कुठं जाते, कुठली तुटलेली आहे, सगळं. तो आकृतीतल्या घंटीवर बोट ठेवून म्हणाला, "ही तर बंदच हाय की सर."

"बंदच आहे," मी म्हटलं. "पण वाजली, तर थांबा."