गुडघ्याएवढंच सागवान

आमच्या गावामागच्या टेकाडावर एक मोठा खडक आहे, आणि त्याच्या उजव्या अंगाला एक खड्डा. त्या खड्ड्यात मी इतक्या वेळा सागाचं रोप लावलंय की आजही त्याचं नाव निघालं तर माझं डोकं फिरतं. पहिलं रोप लावलं तेव्हा पोरगी माझ्या पाठीला बांधलेली होती. ती दप्तर घेऊन शाळेत जायला लागली, तरी खड्ड्यातलं सागवान गुडघ्याएवढंच!

मी सौंदडकडच्या या गावात नांदायला आले ती दोन हजार सालाच्या आसपास. पोरगी झाली त्या हिवाळ्यात जंगलवाल्यांनी टेकाडावरचा कूप, म्हणजे तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा, साफ कापून नेला. ऐन गेला, धावडा गेला, तेंदू गेला. ट्रक भरभरून लाकूड गेलं. कापलं तितकं पुन्हा लावलंच पाहिजे, असा नियम होता, आणि नियम चांगलाच म्हणायचा. पावसाळ्यात आम्हा बायांना रोजीवर बोलावून सागाची रोपं लावून घेतली, भोवती चर खोदला आणि पाटी ठोकली: चराई बंद. झाडं ढोरांच्या तोंडाच्या वर गेली की कूप खुला होणार होता.

गावाला चराईचं रान तेवढंच. माझ्या सासऱ्यांचा, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, सगळा जीव गायींत. आमच्या भागातला वनरक्षक, ज्याला इकडे नाकेदार म्हणतात, त्यांना म्हणाला, "तीनच वर्षं बाबाजी. डोळे मिटून काढा." मामाजींनी मनाशी पक्कं केलं. बाकीच्या गायी गेल्या तर गेल्या, पण कूप खुला होईस्तोवर कबरी दावणीवर राहिलीच पाहिजे. भाताच्या बांधीला खत तिचं, चहाला दूध तिचं, आणि सासूबाई गेल्यापासून मामाजी बोलायचे तेही तिच्याशीच.

पहिल्याच उन्हाळ्यात निम्मी रोपं वाळली. वाळणारच! टेकाडावर पाणी कोण घालणार? मृग लागता लागता नाकेदाराचा निरोप आला, मेलेल्या जागी नवीन रोपं लावा. लावली. दिवाळीच्या आधी गोंदियाहून मोठे साहेब तपासणीला आले, तेव्हा सगळं हिरवंगार. साहेबांनी रस्त्यालगतच्या दोन ओळी मोजल्या. "जिंदा है ना? बस," म्हणाले आणि गाडीत बसले. कूप पास. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. शंभरातली इतकी रोपं जिवंत पाहिजेत, असं नियमात होतं. ती किती वर्षांची पाहिजेत, हे लिहायचं काही कुणाला सुचलं नाही.

माझी खरी आग व्हायची ती आणखी एका गोष्टीनं. कापलेल्या ऐन-धावड्याच्या खुंटांना आपोआप धुमारे फुटले होते. ना कुणी लावले, ना कुणी जपले, तरी ते माझ्या डोक्याच्या वर गेले. आणि सागाला सावली होते म्हणून ते आमच्याच हातानं छाटायला लावायचे. एकदा मी विळा खाली टाकला.

"हे झाडंच आहेत ना? हेच मोजा ना मंग!"

"वहिनी, थे लावलेले नाहीत," नाकेदार म्हणाला. "मोजणीत नाही धरता येत."

"काऊन? आपल्या मनानं उगवलं तर झाड नाही का थे?"

"मले कायले विचारता? साहेबाले विचारा."

साहेबाला कोण विचारतं! मी विळा उचलला. रोजी तर पाहिजेच होती.

तीन वर्षं सरली तशी मामाजींनी कबरीला घासूनपुसून न्हाऊ घातलं आणि तिला घेऊन पाटीपाशी जाऊन उभे राहिले. मी कुपातच निंदायला होते. नाकेदारानं त्यांना अडवलं.

"बाबाजी, झाडं कुठं मोठी झाली अजून?"

"मंग पास कसे झाले?"

"पास होते जिवंत पाहून. खुलं होते उंची पाहून."

मामाजींनी पाटीकडे बोट केलं. मग म्हणाले, "म्हंजे दरसाल तुमी नवीन लावसान, अन् थे दरसाल लहानच राहीन."

नाकेदारानं सायकल वळवली.

बाकीच्या गायी एकेक करून बाजारात गेल्या. कबरी नुसत्या भाताच्या तणसावर राहिली, बरगड्या दिसायला लागल्या. दोनदा चर ओलांडून कुपात शिरली, दोन्ही वेळा कोंडवाड्यात गेली. "तिले पाटी वाचता येते का?" म्हणून मामाजी तिथल्या माणसाशी भांडले. लांबच्या नाल्याकडे ते तिला रोज चालवत न्यायचे. मग त्यांचे गुडघेही गेले. एका उन्हाळ्यात कुणाला न सांगता ते तिला बाजारात घेऊन गेले. जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत, म्हणून संध्याकाळी नुसतं दावं घेऊन परत आले. ते त्यांनी गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढच्याच हिवाळ्यात नवे साहेब आले. नवं फर्मान घेऊन आले. आपोआप आलेली झाडंही धरा, आणि उंची मोजा. ते बांबू घेऊन सगळा कूप पायी फिरले. नाल्यापलीकडे आम्ही छाटायचा कंटाळा केला होता, तिथं ऐन-धावडा घराएवढा उभा होता. एका दुपारात कूप खुला झाला. इतकं सोपं होतं ते! मग इतकी वर्षं काय झक मारत होते सगळे?

नाकेदार खुशीत सायकल मारत आमच्या अंगणात आला. "बाबाजी, पेढे द्या! उद्यापासून ढोरं सोडा कुपात!"

मामाजी उठले. गुडघ्यांवर हात देत गोठ्यात गेले, खुंटीवरचं दावं काढून आणलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"घे," म्हणाले. "तूच सोड."

तो दावं धरून अंगणात उभा राहिला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.