निंबाच्या लाँचचे इंजिन

हिलाल सुरतेला आला तो साठ-एकसष्टच्या सुमारास, चोपड्याकडच्या एका तापीकाठच्या गावातून. उधन्याच्या मिलमध्ये तो लूम-फिटर झाला. माणूस अबोल. बिघडलेल्या लूमला कान लावून बसला की जेवायची हाकही त्याला ऐकू जात नसे. थोरला भाऊ निंबा मात्र तोंडाचा मोकळा आणि पाण्याचा वेडा. त्याला मिलचा कोंडवाडा मानवला नाही. मगदल्ल्याच्या वाटेवर नदीत एका शेठची लाँच होती, तिच्यावर तो ड्रायव्हर झाला. "आपलीच तापी शे," तो म्हणायचा, "आपला मांगेमांगे सुरत उनी." जणू नदीच त्यांच्या मागोमाग आली होती.

तापी तीच, पण गावाकडे ती एकाच दिशेने वाहते. इथे समुद्राची भरती चढली की ती दिवसातून दोनदा उलटी फिरते.

सदुसष्टच्या होळीनंतर एका दुपारी निंबा लाँचच्या पाण्याखालच्या पंख्यात अडकलेला दोर सोडवायला पाण्यात उतरला. दोर सुटला, निंबा वर आला नाही. खबर कळताच मिलमधली खानदेशी मंडळी धावली आणि जन्माच्या सवयीने खालच्या अंगाला, समुद्राकडे शोधत गेली. त्या वेळी भरती चालू होती, हे कुणाच्या डोक्यातच आले नाही. प्रेत मिळाले नाही.

त्यानंतर धक्क्याला बांधलेली ती रिकामी लाँच आवाज करू लागली. अमावास्या-पुनवेच्या आसपास, भर दुपारी, आत कुणी नसताना इंजिन हळूहळू फिरायचे. सुरू व्हायचे नाही. नुसते श्वास ओढायचे आणि सोडायचे, दमेकऱ्यासारखे. कोळ्यांनी तिकडची वाट सोडली. निंबाची बायको सरलाबाई मात्र तिथेच येऊन बसू लागली. तिने कुंकू पुसले नव्हते. आधी ती बाभळीखाली बसायची, मग धक्क्यावर, मग धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर. वैशाखात हिलालने पाहिले, तेव्हा तिचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते आणि तिला ते ठाऊक नव्हते.

हिलाल शेठकडे गेला. लाँच मोडीतच काढायची होती. "इंजिन काढ आणि घेऊन जा," शेठ म्हणाला, "माझं माणूस तर तिथे पाय ठेवत नाही."

हिलालला वाटले, आवाज थांबला की वहिनी उठेल. दुसरा उपाय त्याला सुचत नव्हता.

अमावास्येच्या सकाळी ओहोटीला लाँच चिखलात टेकली होती, नाक नदीच्या वरच्या अंगाला. त्याने मिलमधून चेनकप्पी आणली, तीन बल्ल्या बांधून इंजिनावर घोडी उभी केली. कोळ्यांचा म्हातारा तांडेल छगनकाका धक्क्यावर बिडी ओढत बसला होता. धक्क्याखाली उतरायला तो तयार नव्हता.

"अल्या हिलाल, आ लूम नथी!"

"लूम बरा, काका. बटण बंद केलं की झोपतो."

"आ तो एनी मेळे फरे छे," काका हळूच म्हणाला. हे तर आपलेआप फिरते, असे त्याचे म्हणणे.

आत गेल्यावर हिलालला उलगडा झाला. इंजिनातला दाब सोडायचा खटका वर होता, म्हणजे ते हलके फिरत होते, आणि गिअर टाकलेलाच राहिला होता. दोर सोडवण्यासाठी निंबाने इंजिन हाताने फिरवले असणार. म्हणजे पाण्याची ओढ पंखा फिरवत होती आणि पंखा इंजिनाला. एवढेच. त्याला हायसे वाटले. त्याने डिझेलची नळी सोडली, धुराडे सोडले, इंजिन पंख्याला जोडणाऱ्या शाफ्टच्या तबकडीचे बोल्ट काढले. बैठकीचे बोल्ट गंजले होते. घासलेट पाजून, ठोकून ते एकेक हलवले. साखळी ओढताच इंजिन चिखलातून पाय काढावा तसे जागचे सुटले. फळ्यांवरून ते धक्क्यावर यायला दुपार झाली.

खाली भरती आली होती. उघड्या पडलेल्या जागेत ती तबकडी एकटीच फिरू लागली. उलटी. हे इंजिन उलटे फिरणारे नव्हतेच, आणि इतके दिवस आत ते असेच फिरत होते, या विचाराने हिलालच्या मानेवर काटा आला.

मागे पाऊल वाजले. सरलाबाई आत उतरली होती. तिने वाकून तबकडीवर तळहात ठेवला.

"वहिनी, पानी फिरावस त्याले. भरतीनं पानी. दुसरं काही नही."

"पानी कोनीकडे जाई राहिनं?"

"वर."

"वर म्हंजे कोठे?"

"आपला गावकडे," हिलाल म्हणाला.

तबकडीबरोबर तिचा हात तसाच फिरत होता.

"तुम्ही त्याले खाले धुंडं," ती म्हणाली. "अन् तो वर गया. तो घर गया, हिलालभाऊ. अन् मी आठे बसेल शे."

ती उठली. पदर खोचून, आधार न घेता वर चढली आणि छगनकाकाला म्हणाली, "काका, स्टेशनपर्यंत चला. संध्याकाळच्या गाडीनं अमळनेरला जाते, तिथून गावी."

दोघे वाटेला लागले तेव्हा भरती सरत येऊन तबकडी मंदावली होती. मग थांबली. हिलालला ओहोटी आठवली. आता ती दुसरीकडे फिरणार, समुद्राकडे. आणि वहिनी वळून वळून लाँचकडे पाहत होती. तिला ते दिसू नये म्हणून त्याने डोक्याचा रुमाल काढून शाफ्टला वेढे दिले, इंजिनाच्या रिकाम्या बैठकीला गाठ मारली आणि वर दोन्ही हातांनी कव घातली. शाफ्ट एकदा थरथरला. मग बाहेरच्या अंगाला ओढ घेऊ लागला, पाण्यात पाय सुटलेला माणूस घेतो तशी. लोखंड हाताला कोमट लागत होते.

बाभळीपलीकडे ती दोघे दिसेनाशी झाल्यावर त्याने गाठ सोडली. शाफ्ट सरकत, फिरत बाहेर गेला. शाफ्टच्या भोकातून पाणी आत येऊ लागले, तसा हिलाल धक्क्यावर चढला.

सरलाबाईने गावी तापीकाठी निंबाचे दिवस केले, कुंकू पुसले, आणि ती पुढे बरीच वर्षे जगली. हिलाल दिवाळीला गेला की ती एकदा तरी विचारायची, तबकडी शेवटपर्यंत वरच फिरत होती ना? हिलाल हो म्हणायचा आणि ताटात पाहून जेवू लागायचा.