पाऊस नसताना गळणारं छत

आमचे हे पाणीपुरवठा खात्यात गळत्या शोधायच्या कामावर होते. चौतीस वर्षं. रस्त्याला कान लावून खालचा पाइप कुठे फुटलाय ते सांगायचे, आणि खणल्यावर तिथेच निघायचा. त्यामुळे झालंय काय, जगात जे जे ओलं दिसतं ते कुठल्या तरी भोकातून आलंय आणि ते भोक बुजवणं आपलं कर्तव्य आहे, अशी त्यांची पक्की समजूत. घरी बाथरूमची खिडकीसुद्धा त्यांनी एकदा बुजवली होती. दोन दिवस आम्ही वाफेत आंघोळ केली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅराव्हॅन घेतली. मला न विचारता, हे वेगळं सांगायला नको. मागे पलंग, मध्ये ओटा, जिच्यात वळायचं तर आधी बाहेर यावं लागतं अशी बाथरूम, आणि पलंगाच्या बरोबर वर, टपावर, एसी. खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने मला आवडलं. रोज खिडकीबाहेर नवीन झाडं दिसायची, आणि केर काढायला चार मिनिटं पुरायची.

मग एका दुपारी माझ्या कपाळावर थेंब पडला.

“छत गळतंय,” हे आनंदाने म्हणाले. निवृत्तीनंतरची पहिली गळती! लगेच शिडी लावली, सिलिकॉनची गन घेतली, वर चढले आणि एसीच्या बुडाभोवती अशी जाड कड भरली की केकवर क्रीमसुद्धा कुणी एवढं घालत नाही. खाली येऊन हात पुसत म्हणाले, “आता बघ.”

मी बघितलं. दुसऱ्या दिवशी चार थेंब पडले.

“अहो, एसी चालू असला की गळतं,” मी म्हटलं. “मागच्या आठवड्यात रात्रभर पाऊस पडला, तेव्हा उशी कोरडी होती. ऊन तापलं, एसी लावला, की सुरू.”

“तुला त्यातलं काय कळतं? पाणी वरूनच येतं.”

पुन्हा वर गेले. दुसरी कड, तिसरी कड. मग एसी घट्ट बसावा म्हणून आतून त्याचे चारही बोल्ट करकचून पिळले. मी रोज तेच सांगत होते आणि रोज पालथ्या घड्यावर पाणी. सहा आठवड्यांत पाच नळकांडी सिलिकॉन संपलं आणि थेंबांची धार झाली. गादीला कुबट वास यायला लागला. मी पायांकडे डोकं करून झोपायला लागले, तर पाणी पायांवर. शेवटी सांगून टाकलं, “आता एक थेंब जरी पडला तर मी लेकीकडे जाणार. कायमची. तुम्ही ही गाडी विका, नाहीतर हिच्यात एकटे पोहा.”

दोन दिवसांनी पडला. मी बॅग भरली. लेकीने खोली आवरून ठेवली. चारची बस होती.

पण मी गेल्यावर या माणसाला न्यूमोनिया व्हायला नको, म्हणून जाण्याआधी मीच फोन करून एसीवाल्या बाईंना बोलावलं. तिशीच्या होत्या, कमरेला हत्यारांचा पट्टा. हे कोपऱ्यात तोंड फुगवून बसले.

बाईंनी आतलं झाकण काढलं, टॉर्च मारली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “काका, पाऊस आला की गळतं, की एसी चालू असताना?”

यांनी माझ्याकडे बघितलं.

“एसी चालू असताना,” मी म्हटलं. “पावसात एक थेंब नाही.”

“मग छत गळतच नाहीये, काकू.” बाई वर चढल्या, आम्ही दोघं बाहेर येऊन उभे राहिलो. एसी हवेतला दमटपणा ओढतो, त्याचं पाणी होतं, आणि ते यंत्राच्या बुडाच्या भोकांतून टपावर वाहून जायला हवं. आधी तिथे पाला अडकला होता, म्हणून थेंब आले. पाला काढला असता तर पाच मिनिटांत काम संपलं असतं. त्यावर सिलिकॉन भरल्यावर पाण्याला एकच वाट उरली, आमच्या पलंगाची. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

वरून पात्याचा खरखर आवाज आला. सिलिकॉनची लांबच लांब पट्टी खाली पडली आणि पाठोपाठ बादलीभर पाणी खिडकीवरून भळाभळा वाहिलं.

“आणि बोल्ट पिळून खालचं रबरी पॅकिंग चेपलंय, ते नवीन घालते,” बाई वरूनच म्हणाल्या. “पण हा पराक्रम कुणी केला हो?”

या प्रश्नाचं उत्तर सहा आठवडे माझ्या जिभेवर तयार होतं. पण यांच्याकडे बघितलं. चौतीस वर्षं गळत्या शोधलेला माणूस ती पट्टी हातात धरून उभा होता आणि मान वर करत नव्हता. मला भयंकर वाईट वाटलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

“आधीच्या मालकाने,” मी म्हटलं.

“नाही,” हे म्हणाले. “मी केलंय. आणि ही मला सहा आठवडे सांगत होती. मी ऐकलं नाही.”

परक्या माणसासमोर. स्वच्छ, मोठ्या आवाजात. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, त्यात असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

साडेचारला लेकीचा फोन आला. “आई, बस मिळाली ना?”

“सोडली मी.”

“का? एसी झाला का नीट?”

“झालाय, पण त्यासाठी नाही गं. तो काय, पुन्हा बिघडेलही,” मी म्हटलं. “तुझे बाबा आज माझं ऐकायला हवं होतं म्हणाले. चारचौघात. आता इथून मी कशी हलू?”