कुलूपवाल्याचं पान

रॉटरडॅमच्या दक्षिण काठावर वित्स्केला ओळखणारे लोक तिच्या कामापेक्षा तिच्या तोंडाला जास्त घाबरत. धंदेवाल्यांसाठी ती इंटरनेटवर एकपानी दुकानं मांडायची. शोधता शोधता पानावर आलेला माणूस बटण दाबल्याशिवाय परत जाता कामा नये, एवढंच तिचं काम. त्यासाठी ती पानाची खाटकासारखी कापाकापी करी. वर्णन लांबलं, छाट. माहिती भरायची एक चौकट जास्त झाली, उडव. "एक प्रश्न विचारला की एक गिऱ्हाईक मेलं," असं ती टेबलावर मूठ आपटून सांगे, आणि ते खोटंही नव्हतं.

कोस कुलूपवाला तिचं जुनं गिऱ्हाईक. दाराबाहेर अडकलेल्यांना तो कुलूप उघडून घरात जाऊ देई. त्याच्या पानावर शेवटी एक प्रश्न असे: घर तुमचंच ना? पुराव्याच्या कागदाचा फोटो जोडा. बरीच माणसं तिथवर येऊन पळ काढत. वित्स्केनं कोसला फैलावर घेतलं.

"अरे बाबा, कागद घरात, घराला कुलूप, माणूस बाहेर भिजतोय. फोटो काय स्वतःच्या कपाळाचा काढणार? विचारायची गरजच नाही."

"खरंय की," कोस हसला. "काढून टाक."

तिनं आधी काहींना जुनं पान दाखवलं, काहींना नवं. नव्यावर जास्त जणांनी बटण दाबलं, नवं जिंकलं. चौकट गेली आणि कोसला जेवायला फुरसत उरली नाही. पान जिंकलं की करणाऱ्यानंच सगळ्यांना गोड खिलवायचं, ही तिच्या कचेरीतली रीत. तिनं क्रीम भरलेल्या गुलाबी टोमपूस पेस्ट्रीचे दोन खोके आणले आणि त्यातला एक धाकट्या बहिणीसाठी राखून ठेवला.

ही बहीण, योरिंदा, नुकतीच जवळच्या इमारतीत एकटी राहायला आली होती. तिचा नवरा बारेंट तिला गुरासारखा मारायचा. एकदा दारात चेंगरून त्यानं तिचं मनगट मोडलं होतं. कोर्टानं त्याला लांब राहायला बजावलं होतं, पण योरिंदाचा भरवसा होता तो दाराच्या जाड कुलुपावर. वित्स्केचाही सगळा जीव त्या एका दारात अडकलेला असे.

दुपारी ती खोका घेऊन निघाली. इमारतीखाली सायकलची जाड साखळी सोडून ती चाकाला घालणार, एवढ्यात वरून किंकाळी आली. आवाज योरिंदाचाच. साखळी हातात घेऊन ती तशीच जिना चढली. दार सताड उघडं होतं. उंबऱ्याशी हत्यारांची पिशवी घेऊन कोस उभा होता, चेहरा पांढराफटक.

आत बारेंट योरिंदाचे केस मुठीत धरून तिचं तोंड ओट्यावर आपटत होता. ओटा लाल झाला होता. तरी तो थांबत नव्हता आणि दर आपटीला शिवी हासडत होता. वित्स्केनं साखळी फिरवली. पहिला घाव खांद्यावर बसला. तो वळला तसा दुसरा जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला आणि तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. तो खाली पडला तरी ती मारतच राहिली. शेवटी कोसनं मागून कव घालून तिला ओढलं.

"सोड मला! याला आत कुणी घेतलं?"

"मी," कोस पुटपुटला. "मागणी पानावरून आली. पत्ता हाच. आधी कागदाचा फोटो यायचा, तो मी बघायचो. चौकट काढलीस, म्हणजे तुझं पानच दुसऱ्या कुठल्या तरी रीतीनं तपासत असेल असं मी धरून चाललो."

"पान कसलं तपासतंय, गाढवा! तपासणंच काढलं ना मी!"

"मला काय ठाऊक, पोरी? तू म्हणालीस, विचारायची गरज नाही."

साखळी तिच्या हातातून गळाली.

दवाखान्यात योरिंदाचे ओठ शिवले होते, एक डोळा पुरता मिटला होता. बोलता येऊ लागल्यावर तिनं पहिलं हेच विचारलं, "त्याच्याकडे किल्ली नव्हती. मग तो आत आला कसा?"

कोसवर ढकलणं सोपं होतं. दार उघडून दिल्याबद्दल पोलिसांनीही त्यालाच दोषी धरलं होतं. पण वित्स्केनं सगळं सांगितलं. "लोक त्या प्रश्नापाशी पळून जायचे गं. म्हणून काढला मी."

उघड्या डोळ्यानं योरिंदा तिच्याकडे पाहत राहिली.

"तोही पळाला असता, वित्स्के," ती म्हणाली आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

बरी झाल्यावर योरिंदानं शहर सोडलं. कुठं गेली ते फक्त आईला माहीत होतं. वित्स्केनं आईला आधी ओरडून विचारलं, मग रडून.

"नाही सांगणार," आई म्हणाली. "बारेंटला आणि तुला पत्ता द्यायचा नाही, असं वचन घेतलंय तिनं माझ्याकडून."